पोच

(पहाट. नाशिकरोडजवळचे रूळ. लांबून मालगाडीचा आवाज.)

रुळांजवळ वाढलेल्या पोरांना मालगाडीचे डबे मोजायची खोड असते. कोळशाच्या गाडीला अठ्ठावन्न-एकोणसाठ भरतात. मध्येच कुणी हाक मारली की संपलं, गाडी काही पुन्हा येत नाही.

ही निघालीय एकलहऱ्याला. तिथल्या औष्णिक वीज केंद्रात 210 मेगावॉटचे तीन संच आहेत. एका युनिट विजेला साधारण पाऊण किलो कोळसा धरा. पूर्ण क्षमतेने चालला, तर एकच संच दिवसाकाठी जवळपास ही अख्खी गाडी फस्त करतो.

आणि नाशिकच्या जमिनीत कोळशाचा खडासुद्धा नाही. आपल्या पायाखाली सगळा काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. राज्यातला कोळसा विदर्भात. त्यामुळे इथं कोळसा खाणीचा विषय काढला की लोक म्हणतात, "ते तिकडचं."

(चंद्रपूर. सागाचं जंगल, कडेला खाणीतल्या मातीचे डोंगर.)

हे तिकडचं. ताडोबाच्या वेशीवर लोहारा नावाचं गाव आहे. तिथं जंगलात कोळसा खाण येणार होती. खाण झाली असती तर वाघांची येण्या-जाण्याची वाट तुटली असती. चंद्रपूरकर रस्त्यावर उतरले. 2009मध्ये इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे उपोषणाला बसले. त्या वेळी खाण थांबली.

उपोषणाचा फोटो पेपरात येतो. त्याआधीची कारकुनी कुणी छापत नाही, आणि मला विचाराल तर अर्धी लढाई तिथंच असते. मोठ्या खाणीला पर्यावरण मंजुरी देण्याआधी जनसुनावणी घ्यावी लागते. 2006च्या अधिसूचनेनुसार किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना, सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष, सगळ्याचं चित्रीकरण, शेवटी इतिवृत्त लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचं. कागदावर झकास! पण गणपूर्तीची अट नाही. मांडवात दहाच माणसं आली तरी सुनावणी झाली. म्हणून कार्यकर्ते महिनाभर आधीपासून पाड्यापाड्यावर फिरतात, खाणीच्या परिणामांवरच्या शेकडो पानांच्या अहवालातली आपल्या गावाची पानं शोधतात, विहिरी मोजतात, हरकती लिहून घेतात.

दुसरं हत्यार ग्रामसभेचं. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण येणार होती. सर्वोच्च न्यायालयाने 2013मध्ये प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला. बारा ग्रामसभा भरल्या, बाराही 'नाही' म्हणाल्या.

(पेठ तालुका. नागलीचं शेत, कुडाचं घर.)

हे नाशिकला नवं नाही. पेठ, सुरगाणा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले, म्हणजे आदिवासी तालुके, इथं ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. मार्च 2018मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या लाँग मार्चमध्ये कर्जमाफीइतकीच वनजमिनीची मागणी होती. सुमारे 180 किलोमीटर. सोललेले तळवे सगळ्या देशाने पाहिले.

त्यातले दोन तळवे या आजींचे.

आम्ही लोहाऱ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी वाघाबद्दल विचारलं नाही, खाणीबद्दलही नाही. उठून आत गेल्या. मडक्यांच्या उतरंडीमागून प्लास्टिकची पिशवी काढून आणली. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक. सगळ्यात आत वनहक्क दाव्याच्या अर्जाची प्रत. घडीवर फाटलेली, खाली कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का आणि कुणाची तरी घाईची सही.

"ही पोच," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा अर्ज दिला तव्हा घेतली नव्हती. साहेब बदलला. नवा म्हणे, तुमचा अर्जच नाही आलेला."

मग काय केलंत?

"परत दिला. शिक्का मारल्याबिगर दारातून हाललेच नाही. बसले तिथंच, भाकर सोडून."

चंद्रपूरकडच्या लोकांना काही सांगायचंय का, असं विचारलं. जरा आगाऊच प्रश्न होता. आजी हसल्या.

"मी काय सांगणार दादा? त्यांना म्हणावं, पोच घ्या. पोच नसली तं आपण गेलोच नव्हतो."

(आजी कागदाची घडी घालतात. पिशवीत पिशवी. तिसरीला गाठ मारतात. गाठ नीट बसली का, ओढून पाहतात.)