गिरणगावातला धाकटा

(पडद्यावर: लालबागची जुनी चाळ. लाकडी जिना, वर लांबलचक सामाईक गॅलरी. पार्श्वसंगीत नाही, फक्त चाळीचे आवाज.)

दहा बाय बाराची खोली. कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा, भिंतीला टेकून घड्या घातलेल्या गोधड्या. माणसं इतकी, की रात्री कोण कुठे पाय पसरणार हे ठरलेलं. तरी भागायचं, कारण गिरणीला तीन पाळ्या होत्या. एकजण कामावरून यायचा तेव्हा दुसरा डबा घेऊन निघालेला असायचा. भोंगा वाजला की खोली थोडी रिकामी व्हायची, थोडी भरायची.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि सगळे एकदम घरात आले.

(पडद्यावर: बंद गिरणीचं फाटक. गंजलेली कडी. आत वाढलेलं गवत.)

कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे जवळपास अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले होते. पगारवाढ हवी होती. वर्षानुवर्षं 'बदली' म्हणून राबणाऱ्यांना कायम करून हवं होतं. आणि १९४६ च्या कायद्यानं एकाच युनियनच्या हाती दिलेला वाटाघाटीचा मक्ता मोडायचा होता. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. तो संपला नाही, विरत गेला. कुणी गावची वाट धरली, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी नुसतंच गॅलरीत उभं राहिलं.

त्या गॅलरीत बापाच्या शेजारी त्याची पोरंही उभी होती. ती कधी संपावर गेलीच नव्हती. त्यांना तर अजून कामच लागलं नव्हतं.

नाटककार जयंत पवारांनी ही पोरं पाहिली. १९६० सालचा जन्म, वाढले गिरणगावात, म्हणजे संपाच्या वेळी ते स्वतःही त्याच वयाचे होते. पुढे पत्रकार झाले, नाट्यसमीक्षा लिहिली, एकांकिका लिहिल्या. आणि १९९७ साली त्यांचं 'अधांतर' रंगभूमीवर आलं. दिग्दर्शन मंगेश कदम यांचं, आईच्या भूमिकेत ज्योती सुभाष. त्याच वर्षी, १६ जानेवारीला, पवईत दत्ता सामंतांवर गोळ्या झाडून त्यांची हत्या झाली होती.

(पडद्यावर: रिकामा रंगमंच. एकच दिवा, त्याखाली एक स्टूल आणि पाण्याचा तांब्या.)

'अधांतर'मधलं घर धुरींचं आहे. आडनाव ऐकलं की तळकोकणातला प्रेक्षक सावरून बसतो, कारण हे त्याच्याच गावाकडचं घर आहे. घरात आई आहे. लेखक व्हायची स्वप्नं पाहणारा बाबा आहे. क्रिकेटमध्ये जीव अडकलेला मोहन आहे. आपलंही काही व्हावं, असं वाटणारी मंजू आहे. आणि धाकटा नरू आहे.

नरू टोळीत जातो.

इथे आपण जरा थांबूया, कारण नेमकी इथेच पवारांची नाटककार म्हणून खरी ताकद आहे. तो काळ टोळ्यांचा होता. १९९४ साली खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांना महालक्ष्मीला भर रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. गिरण्यांच्या जमिनीला सोन्याचा भाव येत चालला होता, आणि टोळ्यांना लागणारी पोरं याच चाळींतून मिळत होती. सिनेमानं अशा पोराच्या हाती पिस्तूल देऊन त्याला हळू चालीत पडद्यावर आणलं. पवार कॅमेऱ्यासारखे त्याच्या मागोमाग गल्लीत गेले नाहीत. ते खोलीतच बसून राहिले. नरू बाहेर काय करतो, ते खोलीत जेवढं पोचतं तेवढंच आपल्याला कळतं. त्याच्या खिशातले पैसे दिसतात, त्याचा चढलेला आवाज ऐकू येतो, आणि दारावर थाप पडली की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो.

त्या पैशांचं काय करायचं, हा या घराचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. घ्यावेत तर पाप, न घ्यावेत तर चूल. ज्या थोरल्यांनी धाकट्याला कानाखाली वाजवून घरी आणायचं, त्यांच्याच हाताला काम नाही. बेकार भावाचा शब्द कोण ऐकतो? अधांतर म्हणजे मधल्यामध्ये लटकलेलं, खाली जमीन नाही आणि वर आधार नाही. मला तर वाटतं, हा शब्द नरूपेक्षा त्याच्या भावांनाच जास्त लागू पडतो. नरूनं निदान कुठेतरी उडी मारली.

ती उडी कुठे संपते, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. आईलाही ठाऊक असतं.

(पडद्यावर: गॅलरीतून दिसणारी दुसऱ्या चाळीची खिडकी. आत एक बाई तांदूळ निवडते आहे.)

गुंड मेला की पेपरात चार ओळी येतात आणि वस्ती सुटकेचा श्वास सोडते. पण त्याच्या आईनं रडायचं कुठे? शेजारणी दारापर्यंत येतात, आत येत नाहीत. 'बरं झालं, सुटली बिचारी' असं कुणीतरी हळूच म्हणतं. मराठी नाटकात पुत्रशोक पुष्कळ आहे, राजांचा आहे, वीरांचा आहे. ज्याच्या मरणाचं कुणाला वाईट वाटत नाही, त्या पोराच्या आईचा शोक पवारांनी रंगमंचाच्या मधोमध आणून ठेवला. त्यासाठी नरूचे गुन्हे धुऊन काढायची त्यांना गरज पडली नाही. तो चुकलाच आहे. आणि तो तिचा धाकटा आहे.

(पडद्यावर: लोअर परळ. चिमणीच्या मागे काचेची इमारत.)

या पोरांना पवारांनी नंतरही सोडलं नाही. नाटकांच्या जोडीला ते कथेकडे वळले. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'वरनभात लोन्चा नि कोन नाय कोन्चा' या त्यांच्या कथेचं शीर्षक मुद्दाम पोरांच्या बोलीत लिहिलं आहे, ण नाही, जसं तोंडात येतं तसं. आता ही पोरं नरूहूनही लहान आहेत. संप त्यांनी पाहिलेलाच नाही. मोठ्यांच्या तोंडून ऐकलेली ती एक गोष्ट आहे, फार तर एक शिवी.

'अधांतर'वर २०१० मध्ये 'लालबाग परळ' हा चित्रपट आला. २९ ऑगस्ट २०२१ ला पवार गेले, जेमतेम एकसष्टीचे.

गिरणीच्या जागी आता मॉल आहे, कुठे टॉवर आहेत. मागे काही चाळी अजून तग धरून आहेत. तिथल्या एखाद्या खोलीत संध्याकाळी दिवा लागतो तेव्हा मला धुरींचं घर आठवतं. माणसं तेवढीच, जागा तेवढीच, झोपायचं ठरलेलं तसंच.

(पडद्यावर: अंधारी खोली. गोधड्या अंथरल्या जातात. एक घडी तशीच भिंतीशी.)

फक्त नरूच्या जागेवर कुणी पाय पसरत नाही.