आणि साथीदार

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘रॉक अँड रोलमध्ये सॅक्सोफोन गिटारपुढे का हरला’. त्यावर बोलणारच आहे, पण आधी एक जुनं दुखणं. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात निवेदक गायकाची ओळख दहा मिनिटं करून देतो, गायिकेच्या साडीचंही कौतुक करतो, आणि शेवटी म्हणतो, ‘...आणि साथीदार’! मागे एका कार्यक्रमात सॅक्सवाल्यानं असा पीस वाजवला की गाण्याच्या मध्येच टाळ्या पडल्या. गायकानं वाकून त्या स्वीकारल्या. मध्यंतरात मी आत जाऊन त्या सॅक्सवाल्या गृहस्थांना नाव विचारलं. ते दचकले. म्हणाले, ‘काही चुकलं का, साहेब?’

ली ॲलन हे नाव कुणी ऐकलंय? एकच हात. ते माझे मेहुणे, त्यांना कालच सांगितलंय. बरं, ‘टुटी फ्रुटी’? आइस्क्रीम नव्हे, रॉक अँड रोलवाल्या लिटल रिचर्डचं गाणं. बघा, सगळे हात वर!

१४ सप्टेंबर १९५५. न्यू ऑर्लिन्समध्ये कोझिमो मटासाच्या दुकानामागच्या खोलीतला स्टुडिओ. सकाळपासून काही रंगत नव्हतं. जेवायला एका क्लबात गेले, तिथं रिचर्डनं पियानो बडवत एक चावट गाणं सुरू केलं आणि निर्मात्याचे कान टवकारले. मग शब्दांना घाईघाईनं सोवळं नेसवलं आणि सेशनच्या शेवटच्या पंधराएक मिनिटांत, तीन टेकमध्ये, ‘टुटी फ्रुटी’चं काम फत्ते! ड्रम्सवर अर्ल पामर, बॅरिटोन सॅक्सवर रेड टायलर, आणि मधला तो गुरगुरणारा टेनर सॅक्स ली ॲलनचा. सगळे एकदमच वाजवायचे. सॅक्स घसरला की गायकासकट पुन्हा पहिल्यापासून. आपल्या मनोहारी सिंगांना विचारलं असतं तर त्यांनी असे शंभर किस्से सांगितले असते. ‘रूप तेरा मस्ताना’मधून त्यांचा सॅक्स काढून बघा, काय उरतं... असो, भरकटतोय.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मुख्य विषय आता पळतपळत. एक, गिटारवाला वाजवता वाजवता गाऊ शकतो, सॅक्सवाल्याचं तोंड अडकलेलं. दोन, गिटार विजेवर चढली, सॅक्सची मोठ्या आवाजाची मक्तेदारी गेली. तीन, १९६४ला इंग्लंडची चौघाचौघांची टोळकी आली, पाचव्याचा खर्च कोण करणार? आणि पैसा! वादकांच्या युनियनचा तेव्हाचा दर तीन तासांना ४१ डॉलर २५ सेंट. मधला पीस जागेवर सुचलेला, म्हणजे रचनाच की, पण रॉयल्टी गीतकार-संगीतकाराला, याला मजुरी. ॲलनची स्वतःची ‘वॉकिंग विथ मिस्टर ली’ १९५८ला अमेरिकेत ५४व्या क्रमांकापर्यंत चढली, तेवढीच. १९६५ला तो लॉस एंजेलिसला गेला, आठवडाभर विमानाच्या कारखान्यात, शनिवार-रविवार सॅक्स. पुढं ब्लास्टर्स नावाच्या बँडच्या पोरांनी त्याला शोधून सोबत घेतलं. १९९४ला गेला.

हो हो, संयोजक, थांबतो. फक्त ‘टुटी फ्रुटी’ची रेकॉर्ड लावतो, अडीच मिनिटांची आहे. सॅक्स मध्यावर येतो. तेवढ्यापुरत्या खुर्च्या सरकवू नका.