एसएसएच सिंक: आपलं काम पाईपपाशी सुरू होतं

तर समजा तुमचं एक वर्जन कंट्रोल सॉफ्टवेअर (फाईलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं) आहे, लोकल कमिट, ब्रांच, मर्ज सगळं नीट चालतंय, आणि आता दोन मशीनवरचे रेपो (तो इतिहास ठेवलेले फोल्डर) एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनला सुरक्षितपणे जोडणाऱ्या प्रोग्राममधून, सिंक करायचेत, तेही लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हीकडे. पहिला मोह असा होतो की एखादी एसएसएच लायब्ररी घ्यावी आणि कनेक्शन आपल्याच प्रोग्राममध्ये उघडावं. माझं स्पष्ट मत आहे, हे करू नका. युजरच्या कीज, त्या सांभाळणारा एजंट, कॉन्फिग फाईलमधले पोर्ट आणि जंप होस्ट (ज्यातून पुढे जायचं ते मधलं मशीन), ओळखीच्या सर्व्हरची यादी, हे सगळं त्याच्या मशीनवरच्या एसएसएचला आधीच माहीत असतं, मग आपण ते परत का लिहायचं? तातू युलोनेन यांनी 1995 मध्ये हेलसिंकी युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीत असताना एसएसएच लिहिलं ते नेटवर्कवर पासवर्ड चोरले जात होते म्हणून, आणि तेव्हापासून त्यावर जी मेहनत झालीय ती आपल्याला फुकट मिळतेय.

म्हणजे करायचं इतकंच, की एसएसएचला चाइल्ड प्रोसेस म्हणून चालवायचं, पलीकडच्या मशीनवर आपलाच प्रोग्राम सर्व्हर मोडमध्ये सुरू करायचा, आणि स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून, म्हणजे दोन प्रोग्रामना जोडणाऱ्या पाईपमधून, बोलायचं. बाकीची वर्जन कंट्रोल सॉफ्टवेअरंही असंच करतात: गिट पलीकडे अपलोड-पॅक किंवा रिसीव्ह-पॅक चालवतं, सबव्हर्जन एसव्हीएनसर्व्ह चालवतं, मर्क्युरिअल आणि फॉसिल स्वतःलाच चालवतात. सिंकचा प्रोटोकॉल आहे तोच राहतो, फक्त वाट बदलते.

खरी मेहनत विंडोजवर आहे. नवा प्रोग्राम सुरू करायला तिथे लिनक्ससारखं फोर्क नाही, क्रिएटप्रोसेस आहे, आणि त्याला आर्ग्युमेंटची यादी देता येत नाही, सगळी कमांड एकाच स्ट्रिंगमध्ये द्यावी लागते, म्हणजे कोट कुठे लावायचे हे तुमच्यावर आलं. शिवाय सी रनटाइम इनपुट-आउटपुट डीफॉल्टने टेक्स्ट मोडमध्ये उघडतं, लिहिताना प्रत्येक नवीन ओळीच्या बाइटआधी एक जास्तीचा बाइट घुसतो, आणि वाचताना 26 नंबरचा बाइट आला की फाईल संपली असं समजून थांबतं. कॉम्प्रेस केलेल्या डेटात 26 हमखास येणार, म्हणून सुरुवातीलाच दोन्ही टोकं बायनरी मोडला न्या! विंडोज 10 मध्ये 2018 पासून ओपनएसएसएच क्लायंट सोबतच येतो, पण बरेच लोक अजून प्लिंक (पुट्टीचा एसएसएच क्लायंट) वापरतात आणि त्यात पोर्टचा फ्लॅग कॅपिटल पी असतो, ओपनएसएसएचसारखा स्मॉल नाही. म्हणून एसएसएचची कमांड युजरला बदलता आलीच पाहिजे, गिटमध्ये त्यासाठी सेटिंग आहे तशी.

आता अडकणं. लिनक्सवर पाईपमध्ये साधारण 64 केबी मावतं, दोन्ही बाजू एकदमच लिहायला लागल्या आणि कोणीच वाचेना तर दोघंही तिथेच थांबतात, एरर नाही काही नाही. छोट्या रेपोवर हे दिसतच नाही, म्हणून टेस्ट मोठ्या रेपोवर करा, आणि आपली पाळी संपली की फ्लश करा, म्हणजे साठलेलं सगळं लगेच पाठवा.

पलीकडे शेलच्या (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) स्टार्टअप फाईलमध्ये कोणी एखादा स्वागताचा मेसेज छापत असेल तर तो आपल्या प्रोटोकॉलच्या आधी येऊन पडतो, तेव्हा सुरुवातीला एक ठरलेली खूण शोधा आणि ती मिळाली नाही तर काय आलं ते युजरला दाखवा. मॅकवर आणखी एक, होमब्रूने (मॅकवर प्रोग्राम टाकायचं साधन) टाकलेला प्रोग्राम एसएसएचने कमांड चालवली की बऱ्याचदा सापडतच नाही कारण प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी वेगळी असते, त्यामुळे पलीकडच्या प्रोग्रामचा पूर्ण पत्ता देता येऊ दे.

सुरक्षेचं मात्र नीट ऐका. 2017 मध्ये गिट, मर्क्युरिअल, सबव्हर्जन तिघांतही एकाच जातीचं भोक सापडलं: यूआरएलमध्ये होस्टचं नाव डॅशने सुरू केलं की एसएसएच त्याला ऑप्शन समजायचं आणि प्रॉक्सीकमांड या ऑप्शनमधून (कनेक्शनसाठी चालवायची कमांड त्यात देतात) हवी ती कमांड युजरच्याच मशीनवर चालायची. डॅशने सुरू होणारा होस्ट आणि युजरनेम सरळ नाकारा. रेपोचा पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ताही, पलीकडच्या शेलकडे जातो, एसएसएच सगळे शब्द जोडून एकच ओळ पाठवतं, म्हणून तो कोट करावाच लागतो, पण सर्व्हर विंडोजचा असेल तर शेल बहुतेक विंडोजचाच सीएमडी असतो आणि त्याला सिंगल कोट कळत नाहीत. त्यापेक्षा पाथ कमांडमध्ये टाकूच नका, कनेक्शन झाल्यावर प्रोटोकॉलच्या पहिल्या मेसेजमध्ये पाठवा, आणि स्पेस, कोट, देवनागरी असलेल्या फोल्डरच्या नावांवर तिन्ही सिस्टिमवर चालवून बघा.