टेबलापलीकडचा माणूस

मंडळी, नमस्कार. चौतीस वर्षं मी टूलरूममध्ये टर्नर होतो, म्हणजे लेथ या यंत्रावर धातू कातणारा. आज तुमच्याशी इंग्लंडमधल्या मॉडेल इंजिनिअरिंगच्या प्रदर्शनांबद्दल बोलायचंय. मुलगा तिकडे मिडलँड्समध्ये असतो, त्याच्यामुळे ती मला पाहायला मिळाली.

पुण्यात मॉडेल म्हटलं की कोथरूडचं जोशींचं म्युझियम आठवतं. भाऊ जोशींनी १९९८मध्ये लोकांसाठी खुलं केलेलं ते छोटं शहर मी नातवंडांना घेऊन कितीदा पाहिलंय. पण त्या गाड्या विजेवर धावतात. मी ज्या छंदाबद्दल बोलतोय त्यात माणूस घरामागच्या शेडमध्ये लेथ लावतो आणि खरंखुरं इंजिन घडवतो. तांब्याच्या पत्र्याचा बॉयलर चांदीच्या डाखानं जोडतो. त्यात कोळसा पेटतो, वाफ होते, आणि पाच इंची रुळांवरून, म्हणजे दोन रुळांमधे पाच इंच अंतर असलेल्या रस्त्यावरून, ते इंजिन माणसं ओढत नेतं. नव्या बॉयलरवर आधी पाण्याचा दाब देतात, चालवायच्या दाबाच्या दुप्पट. तो त्यानं सोसला तरच क्लब इंजिन रुळावर येऊ देतो.

हे सगळं सुरू झालं १८९८मध्ये. पर्सिव्हल मार्शल या गृहस्थांनी 'मॉडेल इंजिनिअर' नावाचं मासिक काढलं आणि त्याच वर्षी लंडनमध्ये हौशी मंडळींची संस्थाही उभी राहिली. पहिलं प्रदर्शन भरलं १९०७मध्ये, वेस्टमिन्स्टरच्या रॉयल हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये. फुलझाडांच्या हॉलमध्ये वाफेची इंजिनं! तेव्हापासून प्रदर्शनाचा रिवाज एकच: वस्तू टेबलावर, आणि ती बनवणारा टेबलापलीकडे उभा.

या टेबलांवरून भांडणंही झाली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटतात. एल.बी.एस.सी. या टोपणनावानं लिहिणारे एक गृहस्थ होते, एका रेल्वे कंपनीची आद्याक्षरं त्यांनी नाव म्हणून घेतली होती. त्यांचं म्हणणं असं, की मोठ्या इंजिनाची आतून हुबेहूब नक्कल केली तर लहान इंजिन चालणारच नाही. गणित सोपं आहे. लांबी बाराव्या हिश्शावर आणली की पृष्ठभाग १४४ पटींनी कमी होतो, पण आतली जागा १,७२८ पटींनी. म्हणजे उष्णता साठवायला जागा अगदी थोडी आणि ती निसटायला अंग भरपूर. बॉयलरमधल्या नळ्या त्याच मापानं बारीक केल्या तर काजळीनं तुंबतील. म्हणून नळ्या मोजक्या ठेवायच्या, पण जाड. १९२०च्या दशकात त्यांचा 'आयेशा' हा अडीच इंची रुळांवरचा जीव कोळशावर माणसाला ओढून नेतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि वाद मिटला. बॉयलरची लढाई म्हणतात तिला.

चेरी हिल या बाईंचं नाव आपल्याकडे कुणी ऐकलेलं नसेल. विस्मरणात गेलेली शेतावरची आणि रस्त्यावरची वाफेची यंत्रं त्या जुन्या चित्रांवरून, पेटंटच्या कागदांवरून शोधून काढत आणि सोळाव्या हिश्शावर घडवत. एकेका मॉडेलमागे हजारो तास. रशियात गोठलेल्या पाण्यावर चालवायला १८६१मध्ये बनवलेलं बर्फावरचं इंजिनसुद्धा त्यांनी केलं. या क्षेत्रातली मानाची ड्यूक ऑफ एडिंबरा ट्रॉफी त्यांनी नऊ वेळा मिळवली. त्यांची मॉडेलं लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सकडे आहेत. इवल्याशा नटवर पाना नीट बसेल अशा कडा! मी आयुष्यभर मायक्रोमीटर हातात धरलाय, त्यामुळे सांगतो, असलं काम बघताना माणूस आपसूक आवाज खाली आणतो.

तरीही पदकवाल्या काचेच्या पेट्यांपुढे मी फार वेळ थांबत नाही. माझा वेळ जातो अर्धवट कामांपुढे. लेमिंग्टन स्पा गावाजवळ ऑक्टोबरमध्ये भरणाऱ्या प्रदर्शनात एका क्लबच्या टेबलावर एक क्रँकशाफ्ट पडलेला होता, करंगळीएवढा, अख्ख्या पोलादातून कातलेला. मी टेबलापलीकडच्या म्हातारबाबांना विचारलं, मधली पिन कातताना वेब, म्हणजे तिच्या दोन बाजूंचे चपटे भाग, आत दबले कसे नाहीत? ते हसले. खिशातून पितळेचा एक चपटा तुकडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. दोन वेबच्या मधे तो घट्ट बसवायचा, मग सेंटरमध्ये कितीही दाब आला तरी वेब हलत नाहीत. आमच्या वर्कशॉपमध्येही आम्ही हेच करायचो, फक्त आमचा तुकडा वीतभर असायचा. त्यांचं मराठी शून्य, माझं इंग्रजी कामापुरतं. पण अर्धा तास आम्ही त्या तुकड्यावर बोललो. पहिला तुकडा दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, सैल झाला आणि एक क्रँक वाया गेला, तेही त्यांनी सांगितलं. वाया गेलेला क्रँक टेबलाखालच्या डब्यात होता. तोही काढून दाखवला. पदकाच्या पेटीत हा डबा कधी ठेवत नाहीत.

आता पुढचं सांगतो, ते सांगताना मला बरं वाटत नाही. लंडनला अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये जानेवारीत वर्षानुवर्षं भरणारं प्रदर्शन आता भरत नाही. हॉलचं भाडं बऱ्याच अंशी निघतं ते स्टॉलवाल्यांकडून. कास्टिंग म्हणजे ओतीव भाग, चांदीचा डाख, बी.ए. या ब्रिटिश मापाचे बारीक स्क्रू विकणारी ही माणसं. त्यांचं गिऱ्हाईक घरबसल्या माल मागवायला लागलं, मग तीन दिवस व्हॅन भरून यायचं कशाला? प्रदर्शन मांडणारे सत्तरीच्या पुढचे, आणि पाच इंची रुळांवरचं इंजिन उचलायला दोन-तीन धडधाकट माणसं लागतात. शाळांमधली मेटलवर्कची वर्कशॉप बंद पडली. या छंदाचा जणू घरचा लेथ म्हणजे मायफर्ड, नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनचा. तो कारखाना २०११मध्ये बंद झाला. वेल्समधली फॉस-इ-फ्रान खाण २०२३मध्ये थांबली आणि चांगला वाफेचा कोळसा मिळणंही अवघड झालं.

मुलांना मोबाईलपुढे काही सुचत नाही, असं तिथेही म्हणतात. मला हे पटत नाही. मी मुलं थांबलेली पाहिलीत. हवेच्या दाबावर पाऊण इंची बोअरचं, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचं, स्टुअर्ट कंपनीचं इंजिन टुकटुक फिरत असतं, तिथं दहा वर्षांचा पोरगा कितीतरी वेळ हलत नाही. पण टेबलावर पाटी असते, 'हात लावू नये'. चूक तिथे आहे. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करून थ्री-डी प्रिंटरवर कास्टिंगचा पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचा नमुना, काढणारे तरुण येतात, त्यांनाही काही जुनी मंडळी म्हणतात की हे आपलं काम नव्हे. एल.बी.एस.सीं.नाही त्यांच्या काळात असंच ऐकावं लागलं होतं. पॅटर्न लाकडाचा असो की प्लॅस्टिकचा, कास्टिंग लेथवर चढलं की टर्नरला एकच प्रश्न असतो: बोअर सरळ आहे का?

हॉल गेले तर पुस्तकं, चित्रं, व्हिडिओ राहतील, मला ठाऊक आहे. पण खिशातला तो पितळेचा तुकडा कुठून येणार? तो विचारल्याशिवाय निघत नाही, आणि तेवढं विचारायला समोर माणूस लागतो.

म्हणून आज मी रिकाम्या हातानं आलो नाही. टेबलावर फडक्यात गुंडाळलेलं हे माझं इंजिन. कास्टिंग कोल्हापूरच्या उद्यमनगरातून ओतून आणलंय. पिस्टन बसलाय, व्हॉल्व्हचा टायमिंग अजून जमत नाही, आणि सिलिंडरचं एक झाकण मी मापात कमी कातलं, तेही शेजारी ठेवलंय. बोलणं झालं, आता पुढे या. फ्लायव्हील हातानं फिरवून बघा, सावकाश, ते एका जागी अडकतं.