एकोणतीसचा पाढा आणि चोर्ल्याचा चढ

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस सरला की गोव्यातल्या साखळी गावाच्या बाजूला पहाटे सायकलींचे दिवे दिसू लागतात. घाट चढायला निघालेली मंडळी असतात ती. आज त्यांच्याशी बोलायचं आहे, आणि ज्यांची सायकल अजून पडवीत उभी आहे त्यांच्याशीही. गोव्यात आलेला माणूस पश्चिमेला समुद्राकडे तोंड करून बसतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं. पूर्वेला सह्याद्री उभा आहे. सत्तरी तालुक्यातून चोर्ल्याचा घाट चढतो, मोल्याहून अनमोडचा. सत्तरी न पाहता गोवा पाहिला, असं कुणी म्हणू नये.

साखळीहून पर्ये, मग केरी. केरी मागे पडली, अंजुणे धरणाचं पाणी दिसलं की चढ सुरू होतो, तो थेट समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या चोर्ल्यापर्यंत. हा चढ ताकदीने नाही, श्वासाने चढायचा. पुन्हा सांगतो, श्वासाने. तोंडाने बोलता येईल, तेवढाच वेग.

हे मला एका निवृत्त मास्तरांनी दाखवलं. प्राथमिक शाळेत आयुष्य गेलेलं, साठी कधीच उलटलेली, अंगाने काटक. एकदा आम्ही तिघे निघालो होतो. मास्तर, मी आणि डिचोलीचा एक कॉलेजातला मुलगा. मुलाचा हा पहिलाच घाट. चढ लागला तसे मास्तर मोठ्याने पाढा म्हणू लागले. एकोणतीसचा! एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. मुलगा बघतच राहिला. मास्तर म्हणाले, "तूही म्हण. एका श्वासात एक ओळ. ओळ मधेच तुटली की गिअर हलका कर. पायांना विचारू नकोस, पाय खोटं बोलतात."

मुलगा हुशार. म्हणू लागला. एका वळणावर त्याची ओळ तुटली. मास्तर मागून ओरडले, "हलका!" त्याने गिअर उतरवला, पाय भराभर फिरू लागले, आणि ओळ परत जुळली. असे बरेच चढलो. झाडी दाट होत गेली, खाली धरणाचं पाणी लहान दिसू लागलं, दोघांचे आवाज एका लयीत. मी ऐकत मागून येत होतो. मग मुलगा म्हणाला, "एकोणतीस साते दोनशे तेरा."

मास्तरांनी तिथेच ब्रेक दाबला. "उतर खाली."

"मास्तर, मी दमलेलो नाही. श्वास बघा, ठीक आहे."

"श्वास ठीक आहे रे बाबा, हिशेब चुकला. मघाशी दोन वेळा दोनशे तीन बरोबर म्हणालास. आता डोक्याला साखर पोचत नाही तुझ्या. सकाळी काय खाल्लंस?"

चहा. नुसता चहा पिऊन आला होता पोरगा. मास्तरांनी पिशवीतून गूळ-शेंगदाणे काढले, वर केळं दिलं, मीठ घातलेलं सोलांचं पाणी पाजलं आणि रस्त्याकडेच्या दगडावर त्याला बसवून ठेवलं. थोड्या वेळाने विचारलं, "एकोणतीस साते?" "दोनशे तीन." "नव्वे?" "दोनशे एकसष्ट." "चल, चढ सायकलवर." तो मुलगा वरपर्यंत पाढा म्हणत आला आणि माथ्यावर पोचल्यावर त्याने तिसाचा सुरू केला, तर मास्तर म्हणाले, तिसाचा काय कुणीही म्हणेल!

पाढे पाठ करून घेणं शाळांनी सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. यंत्र जवळ नसतानाही डोक्यात काहीतरी पक्कं असावं.

तर दोन गोष्टी. ओळ तुटली, गिअर हलका. हिशेब चुकला, पोटात काहीतरी घाला. सायकल धरून ऐंशी किलो वजन सातशे मीटर वर न्यायचं, तर नुसत्या उंचीसाठी पाचशे ते सहाशे कॅलरी जातात. म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम गूळ. भूक लागायची वाट बघू नका, अर्ध्या-पाऊण तासाने थोडं थोडं खात राहा. गिअरचं म्हणाल तर पुढच्या दातेरी चाकाला ३४ दात आणि मागच्यालाही ३४ दात मिळाले की पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. नवीन माणसाने घाटासाठी एवढा हलका गिअर असलेलीच सायकल घ्यावी. दुकानदार हलक्या फ्रेमचं कौतुक सांगेल. तुम्ही मागचे दात मोजा.

आमचे पोदेर, म्हणजे पाववाले, पाठीमागे पावांची भलीमोठी टोपली बांधून, भोंगा वाजवत, साध्या सायकलीवर गावची चढण चढत आले आहेत. आता बरेच जण मोटरसायकलवर दिसतात. त्यांचे कष्ट वाचले, ते योग्यच. पण ज्या वाड्यावर अजून सायकलवाला पोदेर येतो, तिथल्या लोकांनी त्याच्याकडूनच पाव घ्यावेत, एवढं माझं मागणं आहे.

आता उतार. ब्रेक वळणाआधी, वळणात नाही. सतत दाबून धरू नका, रिम तापते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. रस्ता ओला असेल तर रिमवरचा ब्रेक उशिरा पकडतो, आणि सावलीतल्या वळणांवर शेवाळ असतं. घाटात चढणाऱ्या वाहनाला पहिला मान, हा नियमच आहे. तेव्हा उतरताना समोरच्याला वाट द्या. आसपास म्हादई अभयारण्याचं रान आहे. पहाटे रस्त्यात गवा उभा दिसला तर लांबच थांबा, घंटी वाजवू नका. तो आपल्या वेळेने जाईल.

पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा धुक्यात दिवसाही चालू ठेवा. आणि केरीला दुकानं उघडायच्या आत पोचणार असाल तर केळी आदल्या रात्रीच घेऊन ठेवा.

नमस्कार.