हेर बायकांचं रोजचं काम

नमस्कार मंडळी.

दुसऱ्या महायुद्धातल्या हेर स्त्रियांवर बोलायचं ठरलं, तेव्हा पहिला प्रश्न आला, "नूर इनायत खानवर बोलणार ना?" बोलणार. पण ब्रिटिशांसाठी हेरगिरी करणारी ही तरुणी जिथे मारली गेली, त्या जर्मनांच्या डाखाऊ छळछावणीपासून सुरुवात करणार नाही. ती कशी मेली हे आपण हळहळत सांगतो. ती पॅरिसमध्ये दिवसभर करत काय होती, हे फारसं कुणी विचारत नाही, आणि मला तेच सांगायचं आहे.

१९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे पडला. तिथल्या प्रतिकाराला माणसं, शस्त्रं आणि पैसा पुरवण्यासाठी ब्रिटिशांनी 'स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह' ही गुप्त संघटना उभी केली. तिच्या फ्रेंच विभागानं ३९ स्त्रिया फ्रान्समध्ये पाठवल्या. त्यातल्या १३ परत आल्या नाहीत. स्त्रियाच का? पुरोगामीपणा वगैरे नव्हे, साधी अडचण होती. १९४३ पासून फ्रेंच तरुणांना जर्मनीत सक्तीच्या मजुरीला पाठवत होते. धडधाकट तरुण भर दिवसा रस्त्यात दिसला की त्याला अडवून कागदपत्रं मागायचे. बाई मात्र सायकलला टोपली अडकवून गावोगाव हिंडली तरी धान्य-भाजी शोधत असेल, असंच वाटायचं. टोपलीच्या तळाशी काय आहे, हे कोण बघतो!

त्यातही सगळ्यात जोखमीचं काम बिनतारी यंत्र चालवणाऱ्याचं. यंत्र सूटकेसमध्ये मावायचं, पण वजन पंधराएक किलो, आणि एरियलची लांबलचक तार कुठेतरी ताणावी लागायची. जर्मनांच्या गाड्या लहरींची दिशा मोजत गल्लोगल्ली फिरायच्या. शंका आली की एकेका भागाची वीज तोडायची. ज्या भागाची वीज तोडताच संदेश थांबला, तिथेच यंत्र. म्हणून थोडक्यात बोलायचं, जागा बदलायची, पुन्हा सूटकेस उचलायची. अशा माणसाचा टिकाव सरासरी सहा आठवडे लागेल, असा तेव्हाचा हिशेब होता.

ब्रिटिशांनी व्याप्त फ्रान्समध्ये उतरवलेली पहिली स्त्री ऑपरेटर म्हणजे नूर. वडील इनायत खान बडोद्याचे, सूफी आणि गवई. वडिलांच्या आजोळचे मौलाबक्ष सयाजीरावांच्या बडोद्यात संगीत शिकवणारे. ही मुलगी मुलांसाठी गोष्टी लिहायची. प्रशिक्षकांपैकी काहींना ती या कामाला योग्यच वाटली नव्हती. जून १९४३ मध्ये ती उतरली आणि थोड्याच दिवसांत तिच्या गटाची धरपकड सुरू झाली. लंडननं परत ये म्हटलं, तिनं नकार दिला. सहा आठवड्यांच्या हिशेबाला न जुमानता ऑक्टोबरपर्यंत ती संदेश पाठवत राहिली. मग कुणीतरी पैशासाठी तिला पकडून दिलं.

आता जरा कडू भाग. चौकशीत ती काही बोलली नाही, पळून जायचाही प्रयत्न केला. पण पाठवलेल्या संदेशांची नोंद तिनं वहीत ठेवली होती आणि ती वही जर्मनांच्या हाती लागली. तिच्या यंत्रावरून, तिच्या नावानं ते लंडनशी बोलू लागले. संशयाच्या खुणा होत्या, पण लंडनमधल्या साहेबांनी त्या वेळीच मनावर घेतल्या नाहीत. मादलेन दामरमाँ ही फ्रेंच तरुणी फेब्रुवारी १९४४ मध्ये पॅराशूटनं उतरली ती थेट वाट बघत उभ्या असलेल्या जर्मनांपुढे. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊत मारल्या गेलेल्या चौघींत नूर होती, तशी मादलेनही. माझ्या मते वहीपेक्षा लंडनची चूक मोठी. पण नूरला देवी करून मखरात बसवलं की हे सगळंच झाकलं जातं.

जान्नी रूसो या फ्रेंच तरुणीचं काम तर वेगळंच. वय चोवीस, जर्मन अस्खलित, पॅरिसमध्ये दुभाषी. जर्मन अधिकारी तिच्यासमोर नव्या अस्त्रांच्या बढाया मारायचे. ती डोळे मोठे करून म्हणायची, काहीतरीच काय, असं कुठे असतं का! की गडी पटवून द्यायला आणखी सांगायचे. एकानं तर आराखडेच दाखवले. ती ऐकलेलं शब्दन् शब्द ध्यानात ठेवून उतरवायची. जर्मनीतल्या पेनेम्युंडे इथल्या रॉकेटांची माहिती अशी लंडनला पोचली. पुढे पकडली गेली, राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत गेली, आणि जगली.

आणि मानसन्मान? फ्रान्सच्या मुक्तीसाठी लढलेल्यांना दिलेल्या सर्वोच्च किताबाचे मानकरी १०३८, त्यात स्त्रिया सहा. मारी-मादलेन फुर्काद हिनं 'अलियान्स' हे हजारोंचं हेरजाळं चालवलं. या सहांत तीही नाही.

ब्रिटिशांच्या त्याच गुप्त संघटनेची पर्ल विदरिंग्टन ही मला सगळ्यांत आवडते. मे १९४४ मध्ये तिच्या गटाचा प्रमुख पकडला गेल्यावर मध्य फ्रान्समध्ये लढवय्यांचं नेतृत्व तिनं हाती घेतलं. युद्धानंतर तिला एमबीई हा ब्रिटिश किताब नागरी विभागातून देऊ केला. तिनं तो परत केला. आपण केलेल्या कामात नागरी असं काही नव्हतं, हे तिनं स्पष्ट सुनावलं. मग लष्करी एमबीई मिळाला. पण तिचा दुसरा राग जास्त जुना होता. पॅराशूटचं पंखांचं चिन्ह पाच उड्यांनंतर मिळायचं. पुरुषांना सरावाच्या चार उड्या आणि पाचवी मोहिमेची. बायकांना सरावाच्या तीनच, म्हणजे मोहिमेची उडी धरून चार. एक कमी! ते पंख तिला २००६ मध्ये मिळाले, वयाच्या नव्वदीनंतर.