पाव मैल आणि काचेवरचा आकडा

मंडळी, आधी एक खुलासा. ओळख करून देताना मला ‘रेसर’ म्हटलं गेलं, ते फार मनावर घेऊ नका. मी मिशिगनमध्ये ब्रेक डिझाइन करायचो. आठवडाभर गाड्या थांबवायच्या आणि रविवारी पळवायच्या, असा माझा व्यवहार. 1985 ते 1997 या काळात मी अ‍ॅन आर्बरच्या दक्षिणेला मायलन नावाच्या गावातल्या ड्रॅग ट्रॅकवर, म्हणजे सरळ पट्टीवरच्या शर्यतींच्या ट्रॅकवर, हौस म्हणून गाडी हाणली. स्पेलिंग इटलीतल्या मिलानचंच आहे. पण तिथे ‘मिलान’ म्हणालात की लोक ओळखतात, हा बाहेरचा.

गाडी होती 1969 सालची प्लिमथ रोड रनर. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत दांडगं इंजिन, हे तरुण मंडळींना माहीत असेल, पण तिचा जन्म कसा झाला ते सांगण्यासारखं आहे. जनरल मोटर्समध्ये नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. 1964 साली त्याच कंपनीच्या पाँटिअ‍ॅक विभागातल्या लोकांनी काय केलं, तर जीटीओ ही वेगळी गाडी दाखवलीच नाही. टेम्पेस्ट गाडीवर गिऱ्हाइकाने मागितलं तर मिळणारी ‘जादा सोय’ म्हणून 389 घनइंचाचं इंजिन यादीत घुसवलं. नियम मॉडेलला, सोयीला नाही! सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाला ही युक्ती समजावून सांगायला नको. गाडी तुफान खपली, मग सगळ्याच कंपन्या त्या वाटेने निघाल्या, आणि चार वर्षांत या गाड्या पोरांच्या खिशाबाहेर गेल्या. तेव्हा प्लिमथने 1968 मध्ये उलटा विचार केला. बाकीचं सगळं काढा, इंजिन ठेवा. पहिल्या गाड्यांत खाली गालिचासुद्धा नव्हता. किंमत 2,896 डॉलर. कार्टूनमधल्या त्या पळणाऱ्या पक्ष्याचं नाव वापरायला मात्र वॉर्नर ब्रदर्सना 50,000 डॉलर मोजले, आणि त्याच्यासारखा ‘बीप बीप’ करणारा हॉर्न बसवला.

माझ्या गाडीत 383 घनइंचाचं इंजिन होतं, म्हणजे सुमारे 6.3 लिटर. आपली पद्मिनी 1,089 सीसीची. बॉनेटखाली पावणेसहा पद्मिन्या आहेत, असं समजा. कागदावर ताकद 335 हॉर्सपॉवर. मी ती 1984 साली घेतली तेव्हा अशा गाड्यांना कोणी विचारत नव्हतं. 1973 च्या तेलटंचाईने आणि प्रदूषणाच्या कायद्यांनी त्यांचा जमाना संपवला होता. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने पत्रा खाल्ला जातो. माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखालून रस्ता दिसायचा. पाऊस असला की डावा मोजा ओला. वर त्या इंजिनला शिसं घातलेलं पेट्रोल लागायचं आणि ते पंपांवरून नाहीसं होत चाललं होतं. साधं घातलं की चढावर इंजिन कुरकुरायचं, मग ट्रॅकवरून महागाचं रेसिंगचं पेट्रोल आणून मिसळायचं.

आता शर्यत. पाव मैल, म्हणजे 1,320 फूट, सरळ. दोन गाड्या शेजारी शेजारी. आधी मागची चाकं पाण्यावर जागच्या जागी फिरवून टायर तापवायचे, म्हणजे ते रस्त्याला चिकटतात. मग मुंगीच्या पावलांनी पुढे सरकायचं, पुढचं चाक प्रकाशाच्या किरणात आलं की दिवा लागतो. समोर खांबावर दिव्यांची उतरंड, तिला ख्रिसमस ट्री म्हणतात. तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने एकाखाली एक लागतात, मग हिरवा. हिरवा बघून निघालात तर हरलात. डोळ्याने बघायचं, पायाने दाबायचं आणि पावणेदोन टनांचं धूड हलायचं, यात वेळ जातो. म्हणून शेवटचा पिवळा लागताना निघायचं. कणभर आधी निघालात तर लाल दिवा आणि खेळ खलास.

इथपर्यंत कोणालाही कळतं. गंमत पुढे आहे. हौशी लोकांत कोणाची गाडी अकरा सेकंदांची, कोणाची सोळाची. मग बरोबरी कशी लावायची? तर प्रत्येकाने आपली गाडी किती सेकंदांत पाव मैल जाईल तो आकडा आधीच बूटपॉलिशने काचेवर लिहायचा. माझा 14.30, शेजाऱ्याचा 11.80, तर मला अडीच सेकंद आधी सोडणार. दोघंही आपापल्या आकड्याला जागले तर शेवटच्या रेषेवर एकदमच पोचणार. आणि आकड्यापेक्षा कमी वेळात पोचलात तर? बाद! जास्त जोरात गेलात म्हणून बाद. याला ब्रेकआउट म्हणतात. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते शुद्ध अमेरिकन खूळ वाटलं. शर्यत आणि जोरात जायचं नाही?

मग हळूहळू कळलं की सगळी कला त्या आकड्यात आहे. दुपारी ऊन तापलं की हवा विरळ होते, इंजिनला प्राणवायू कमी, गाडी मंद. दमट हवेतही तेच. ढग आला की तीच गाडी उचलते. टाकीत पेट्रोल किती, टायरात हवा किती, इंजिन मागच्या फेरीनंतर निवलं की नाही, सगळं त्या आकड्यात धरायचं. म्हणून पंधरा सेकंदांची, पण दर वेळी पंधराच सेकंद घेणारी म्हातारी स्टेशन वॅगन तिथे चमकणाऱ्या गाड्यांना घरी पाठवायची.

1988 च्या सप्टेंबरमध्ये मी उपांत्य फेरीला पोचलो. ऊन उतरलं होतं, हवा गार झाली होती. मी आळसाने दुपारचाच 14.30 ठेवला. समोरच्याच्या बराच पुढे होतो. अशा वेळी जाणता माणूस शेवटच्या शंभर फुटांत ब्रेकवर हलका पाय ठेवतो. मी दाबून धरलं. 14.26. ब्रेकचा इंजिनिअर, आणि ब्रेकच मारला नाही! सोमवारी ऑफिसात हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

1991 मध्ये वडील आले. आबा आंबेगाव तालुक्यातले, जन्म बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात गेलेला. इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल, आमच्या भागात गाडे एकमेकांशेजारी पळत नाहीत. एकेक गाडा घाटात सुटतो आणि सेकंद मोजतात. त्यामुळे त्यांना ट्रॅक समजावून सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. फेरीनंतर वेळांची चिठ्ठी मिळते, तिला टाइम स्लिप म्हणतात; तिच्यावरचे साठ फुटांचे, अर्ध्या पट्टीचे, सगळे आकडे त्यांनी विचारून घेतले. अडले फक्त काचेवरच्या आकड्यावर. “आरं, बैलाला इचारून लिव्हतोस का?” म्हणाले. घाटात सगळ्यात कमी सेकंद घेणारा घाटाचा राजा; कमी घेतले म्हणून घरी पाठवतात, हे त्यांना पटलंच नाही. त्या दिवशी मी दुसऱ्या फेरीत लाल दिव्याने गेलो. परत येताना त्यांनी विचारलं, पेट्रोल किती जळलं? मी सांगितलं. अ‍ॅन आर्बर येईपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, “बैल परवडला.”

हल्ली आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरही ड्रॅग शर्यती होतात, तिथल्या मोटारसायकली माझ्या रोड रनरला सहज मागे टाकतील. त्याबद्दल ज्यांना बोलायचंय त्यांनी नंतर चहाला भेटा.

गाडी मी 1997 मध्ये विकली. गुडघा दुखायला लागला होता आणि मुलीच्या कॉलेजची फी आली होती. ओहायोहून एक तरुण ट्रेलर घेऊन आला. त्याने पत्रा ठोकून बघितला, खाली वाकून भोक बघितलं आणि विचारलं, किती करते? मी म्हटलं, उन्हात 14.38, संध्याकाळी 14.26. तो हसला. त्याला हे इंजिन काढून 440 घनइंचाचं बसवायचं होतं. मी म्हटलं, बसव, गाडी तुझी आहे. हॉर्न तेवढा काढू नकोस. गल्लीच्या तोंडाशी वळताना त्याने तो ट्रेलरवरच्या गाडीत बसलेल्या मित्राकडून दोनदा वाजवला. ट्रेलरवरच्या गाडीत माणूस बसवायची परवानगी नसते, पण मी काही बोललो नाही.